अरेकावर कोळी परत परत येतोय? डोस वाढवण्याआधी हे तपासा

मार्च अर्धा सरला की माझ्या फोनवर एकच तक्रार सुरू होते. "ताई, परत जाळी धरली बघा. औषध तर मारलं होतं की!" सोलापुरात काही दवाखाने, ऑफिसं आणि घरं यांच्या आतल्या कुंड्यांची निगा राखणं हे माझं काम. अरेका पाम, क्रोटन, सिंगोनियम, अलोकेशिया, कॅलाथिया, कुठे इंग्लिश आयव्ही. लाल कोळी म्हणजे घरात जाळं विणतो तो मोठा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारा बारीकसा स्पायडर माइट. त्याला यातलं काहीही चालतं. आणि आपलं हवामान त्याला सासरहून माहेरी आल्यासारखं वाटतं. पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी ठणठणीत, खोलीत एसी. पाऊस पानं धुवायला आत येत नाही आणि कोळ्याला खाणारे किडेही आत येत नाहीत.

परत येतो म्हणून लोक औषध वाढवतात. एक झाकण टाकलं होतं, आता दोन टाकू. इथेच खरा धोका आहे, कारण हे औषध शेतात नाही, तुम्ही झोपता त्या खोलीत मारलं जातंय. गेल्या काही वर्षांत मी जितक्या "परत आला" केसेस पाहिल्या, त्यात औषध कमी पडलं होतं अशी जवळजवळ एकही नव्हती. चुकलं होतं ते दुसरंच काहीतरी. म्हणून क्रमाने बघू.

आधी तो कोळीच आहे का?

एक पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानावर दोन-तीनदा टिचकी मारा. कागदावर मिरपुडीसारखे कण पडतील. अर्धा मिनिट नुसतं बघत बसा. कण चालायला लागले तर बोट फिरवा; तांबूस-तपकिरी रेघ उमटली की कोळी. पानाच्या वरून टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात आणि खालच्या बाजूला शिरेलगत पांढरी धूळ असते. ती धूळ नसते, कोळ्याने टाकलेल्या काती असतात. जाळी दिसायला लागते तोवर संख्या फार वाढलेली असते.

अशोक चौकाच्या बाजूला एका काकूंकडे गेले होते. त्यांनी क्रोटनवर तीन वेळा औषध मारलं होतं, जाळी काही जाईना. घराच्या मागच्या खोलीत यंत्रमाग. मी पानावरून बोट फिरवलं तर हातात आली कापसाची लव! मागावरून उडालेले तंतू पानांच्या बेचक्यात अडकले होते. ओल्या फडक्याने पुसलं, विषय संपला. तीन फवारण्या मात्र घरात होऊन गेल्या होत्या, आणि तिथेच पाळण्यात सहा महिन्यांचा नातू.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही असेच फसवतात. ते नखाने खरवडून निघतात आणि फक्त पानाच्या वरच्या बाजूला असतात.

कोळी कीटक नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही

कोळ्याला आठ पाय. तो घरातल्या मोठ्या कोळ्यांच्या, विंचवांच्या कुळातला, मावा-तुडतुड्यांच्या नाही. त्यामुळे पांढऱ्या माशीवर हमखास चालणारं इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही. सायपरमेथ्रिनसारखी औषधं तर उलट कोळी वाढवतात, कारण कोळ्याला खाणारे छोटे मित्रकिडे आधी मरतात. तुम्ही "कीड मारायचं औषध द्या" म्हणालात तर दुकानदार समोर असेल ते देईल. "कोळीनाशक द्या" म्हणा, आणि बाटलीवरचं तांत्रिक नाव वाचा. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, कामाचं नाव त्याखाली बारीक अक्षरात.

जुन्या माणसांच्या तोंडी अजून डायकोफॉल हे जुनं कोळीनाशक असतं. कुणाच्या माळ्यावर बाटली असेल तर ती वापरू नका. केंद्र सरकारने 2023 मध्ये त्यावर बंदी घातली आहे.

भाच्याने आणलेली बाटली

सोलापुरातल्या घरांत कोळीनाशक येतं कुठून? नव्वद टक्के वेळा सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडून. कुणाची तरी डाळिंबाची नाहीतर द्राक्षाची बाग असते, हंगाम संपल्यावर बाटलीत तळाला थोडं उरतं, आणि भाचा प्रेमाने घेऊन येतो. "मामी, लै भारी औषध आहे, एक झाकण टाका."

हे एक झाकण कुठून आलं ते समजून घ्या. शेतात पाठीवरचा पंप 15 लिटरचा. भाचा म्हणतो पंपाला 15 मिली, आणि मोजायला त्याच्याकडे झाकण असतं. पण मामीच्या हातात एक लिटरची फवारणीची बाटली आहे. तिच्यात झाकणभर म्हणजे दहा-पंधरा मिली गेलं तर मात्रा दहा-पंधरा पट झाली. पानांच्या कडा दोन दिवसांत करपतात, मामीला वाटतं कोळ्यानेच खाल्लं, आणि ती अजून एक झाकण टाकते.

मोजायचं असं. बाटलीसोबतच्या पत्रकावर हेक्टरी औषध आणि हेक्टरी पाणी दोन्ही छापलेलं असतं. समजा 400 मिली औषध 500 लिटर पाण्यात लिहिलं असेल, तर लिटरला 0.8 मिली. भागाकार करा, अंदाज नको. मेडिकलमधून सुईशिवायची एक किंवा दोन मिलीची सिरिंज आणा, तिच्यावर मार्करने फुली मारा आणि ती औषधाच्या डब्यातच ठेवा. स्वयंपाकघरातला चमचा एकदा जरी वापरला तरी तो परत घरात आणायचा नाही. पत्रक हरवलेलं असेल, लेबल फाटलेलं असेल, मुदत संपलेली असेल, तर ती बाटली कितीही भरलेली असो, वापरू नका. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून आणलेलं औषध तर दारातूनच परत पाठवा, भाचा रुसला तरी चालेल. उन्हातून आलेलं पोर फ्रिजशेजारी ठेवलेली ती बाटली सरळ तोंडाला लावतं.

लेबलवरचा चौकोनही बघा. खालच्या अर्ध्यात रंग असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा, या क्रमाने विषारीपणा उतरत जातो. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, एवढं लक्षात असू द्या. बहुतेक कोळीनाशकांच्या लेबलवर मिरची, वांगी, चहा अशी पिकं असतात, घरातल्या कुंड्या नसतात. म्हणजे बंद खोलीत कुणी ते श्वासात घेईल हे धरून ती मात्रा ठरवलेलीच नाही. माझ्या मते घरासाठी नियम एकच: कुंडी बाहेर नेता येत नसेल तर रासायनिक औषध नाही.

बाथरूममध्ये मी केलेला शहाणपणा

हे मी पुस्तकातून शिकले नाही. काम नवीन होतं. मे महिना, गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. विचार केला, अरेका बाथरूममध्ये नेऊ, फवारू, तिथेच निथळेल, फरशी धुता येईल. दार लावलं, कारण वास घरात जायला नको. तोंडाला टॉवेल बांधला, आपला सोलापुरी, जाडजूड. औषध प्रोपरगाईट नावाचं कोळीनाशक होतं. चार-पाच मिनिटांत डोळे असे चुरचुरले की मला नळ दिसेना. टॉवेलने तुषार नीट शोषून घेतले होते आणि तो ओला टॉवेल मी नाकातोंडावर घट्ट आवळून उभी होते. बाहेर आले तेव्हा डोकं गरगरत होतं. सासूबाईंनी डोळ्यांवर तांब्या-तांब्याने पाणी ओतलं, आणि नंतर दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. अरेकाची पानंही करपली, ते वेगळंच.

टॉवेल, ओढणी, कापडी मास्क हे सगळं धुळीसाठी ठीक, औषधासाठी उलटं काम करतं. ईसी प्रकारच्या औषधांत (नावापुढे EC लिहिलेलं असतं) औषध विरघळवणारा द्रावक असतो, त्याची वाफ कापडातून आरपार जाते. रंगकामवाले वापरतात तसा, वाफ अडवणाऱ्या डब्यांचा मास्क हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो, डोळ्यांना चारी बाजूंनी बंद गॉगल, नायट्राईलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. हातमोजे सुती नकोत, तेही टॉवेलचेच भाऊबंद. सगळ्यांत सावध राहायचं ते मोजताना, कारण तेव्हा औषध घट्ट असतं आणि आपण वाकून बघत असतो.

जागा: गच्ची किंवा उघडी बाल्कनी, सावलीत. पण खाली कुणाचे कपडे वाळत असतील, शेजारच्यांची तुळस, कढीपत्ता, पुदिना असेल, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं असेल तर आधी ते हलवा. खायच्या कुंड्यांवर यातलं काहीही मारायचं नाही. घरात माशांची टाकी असेल तर कुंडी त्या खोलीत फवारणं सोडाच, औषधाच्या हाताने टाकीत खाणंसुद्धा टाकू नका. अबामेक्टिन, फेनपायरॉक्झिमेट, प्रोपरगाईट ही सगळी कोळीनाशकं माशांना फार घातक. टाकी नुसती झाकून भागत नाही, हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढत असतो.

वेळ: सकाळी सहा-साडेसहा. संध्याकाळ म्हणाल तर आपल्याकडे मेमध्ये सात वाजताही कठडा हाताला चटका देतो. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या, तहानलेलं झाड लवकर करपतं. पहिल्यांदा वापरत असाल तर एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. वारा असेल तर दुसऱ्या दिवशी. पानं पूर्ण वाळली तरी निदान एक दिवस कुंडी बाहेरच राहू द्या. मग आत आणून लहान मुलांच्या आणि मांजराच्या हाताबाहेर ठेवा. तुमच्या अंगावरचे कपडे वेगळे धुवा, आधी साबणाने हात-तोंड, मगच चहा.

घरात कुणी गरोदर असेल, दम्याचा रुग्ण असेल, तर खाली सांगितलेल्या पाण्या-साबणाच्या पुढे जाऊ नका. ऐंशी-शंभर रुपयांच्या सिंगोनियमसाठी तर मुळीच नाही. ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकून द्या. मी ग्राहकांना हे सांगते तेव्हा चेहरे पडतात, पण शेजारच्या दहा कुंड्या वाचतात.

मग परत का येतो?

आता मुख्य मुद्दा. साधारण तिशीच्या तापमानाला कोळी अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा घेतो. डिसेंबरात तेच दोन-तीन आठवडे. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, तीही पानाच्या खालच्या बाजूला. तुम्ही वरून फवारलं, चालते-फिरते कोळी काही मेले, अंडी तशीच. आठव्या दिवशी नवी फौज. औषध निकामी नव्हतं, तुम्ही दुसरी फवारणी केलीच नाहीत. किंवा पंधरा दिवसांनी केलीत, तोवर नव्यांनीही अंडी घालून झाली होती.

अबामेक्टिन फिरत्या कोळ्यांना मारतं, अंड्यांना फारसं काही करत नाही. हेक्झीथायाझॉक्स आणि इटोक्झाझोल नेमकी उलटी: अंडी आणि पिल्लं मारतात, मोठे कोळी जिवंत राहतात. हेक्झीथायाझॉक्स मारून दुसऱ्या दिवशी भिंगातून बघितलं तर कोळी मजेत फिरताना दिसतात, आणि माणूस म्हणतो, औषध डुप्लिकेट! स्पायरोमेसिफेनचाही परिणाम सावकाश, तीन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून कोणतं औषध कोणत्या वयावर चालतं ते दुकानातच विचारा. तिथल्या अण्णांना डाळिंबवाल्यांमुळे हे तोंडपाठ असतं, फक्त "घरातल्या कुंडीसाठी" म्हटलं की ते थट्टेवारी नेतात. नेऊ द्यात.

माझा क्रम उन्हाळ्यात असा असतो. पहिले दहा दिवस रसायन नाहीच. कुंडी गच्चीवर, माती पिशवीने झाकून, पाईपची धार पानांच्या खालून. दर तीन दिवसांनी, तीनदा. नुसत्या पाण्याने निम्म्याहून अधिक घरं सुटतात, हे मी पैजेवर सांगते. मधल्या दिवसांत लिटरला 5 मिली सौम्य द्रवरूप साबण, पुन्हा खालूनच, आणि दोन तासांनी साध्या पाण्याने धुवायचं.

इथे सोलापूरची एक खास अडचण. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, पांढरा साका तयार होतो आणि तो कोळ्याला नाही, पानाला चिकटतो. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजून क्षारयुक्त, पण काटकसर म्हणून लोक तेच वापरतात. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा. ते जवळजवळ क्षारविरहित असतं. मी एका दवाखान्यातून रोजचं पाच-सहा लिटर आणते आणि सगळ्या फवारण्या त्यातच करते.

दहा दिवसांनी कागदावर टिचकी मारून पुन्हा बघायचं. अजून चालणारे कण असतील, आणि झाड खरंच जिवाभावाचं असेल, तरच औषध. पहिली फवारणी, मग सहा-सात दिवसांनी दुसरी. तिसरी लागली तर वेगळ्या गटाचं, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध. नुसता ब्रँड बदलू नका, तांत्रिक नाव तेच निघतं! कोळी औषधाला फार लवकर सरावतो, एकच औषध लागोपाठ मारत राहिलात की पुढच्या वर्षी ते पाण्यासारखं होतं. तीन फवारण्यांनंतरही जात नसेल तर तो कोळी शेजारच्या कुंडीतून येतोय. मनी प्लांट खिडकीच्या गजाला आणि खिडकीबाहेर जास्वंद, असा पूल मी बऱ्याच घरी पाहिलाय.

गंधकाबद्दल दोन शब्द, कारण द्राक्षबागेतून तेही घरात पोचतं. 80 टक्क्यांची पाण्यात मिसळणारी भुकटी कोळ्यावर चालते, स्वस्तही आहे. पण बत्तीसच्या वर तापमान गेलं की पानं भाजतात, म्हणजे सोलापुरात ते थंडीतलं औषध. आणि कडुलिंबाचं तेल मारलेल्या झाडावर निदान दोन-तीन आठवडे गंधक नको. दोन्ही एकत्र आली की पान हमखास करपतं. कडुलिंबाचं तेल नैसर्गिक म्हणून भर दुपारी मारणारेही आहेत. तेल ते तेलच, उन्हात पान तळून निघतं.

दोन औषधं, किंवा औषध आणि खत, एका बाटलीत मिसळू नका. आणि तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला असला तरी कुंड्यांवर नको.

उरलेलं, सांडलेलं, पोटात गेलेलं

लागेल तेवढंच बनवा. चार कुंड्यांना अर्धा लिटर पुरतं. तरी उरलं तर बेसिनमध्ये, मोरीत, गटारात ओतू नका. त्याच झाडांवर पुन्हा पातळ हात फिरवून संपवा. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी फवाऱ्यात घ्या, बाटलीला भोक पाडा म्हणजे कुणी तेल भरायला नेणार नाही, आणि घंटागाडीवाल्याला वेगळी, सांगून द्या. राहिलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात, उंचावर. किचन ओट्याखाली फिनेलशेजारी ठेवणारी घरं मी मोजायची सोडून दिली आहेत.

अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा आणि साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पोटात गेलं तर उलटी काढायला जाऊ नका. द्रावक असलेलं औषध उलटीबरोबर फुप्फुसात जातं आणि मूळ विषापेक्षा ते भारी पडतं. मिठाचं पाणी नको, दूध नको. 108 ला फोन करा, आणि बाटली पत्रकासकट बरोबर न्या, कारण उतारा त्यावर छापलेला असतो आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर 1800 116 117. मी तो फवाऱ्यावरच चिकटपट्टीने लावलाय.

आणि जूनचा शेवटचा आठवडा चालू असेल, दोन-तीन चांगले पाऊस पडून गेले असतील, तर औषधाची बाटली उघडूच नका. कुंड्या दोन दिवस पावसात ठेवा. दमट हवेत कोळ्याची वाढ मंदावते, आणि पानाच्या खालची बाजू फुकटात धुऊन निघते.